सोबतचा माणूस

तिसगावात आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. शेतीचं शिक्षण माझं, म्हणून परवाना माझ्या नावावर. तरी गल्ल्यावर मी बसलेली दिसत असताना गिऱ्हाईक मलाच विचारतं, "मालक कुठं गेले?"

पण परवाना माझा, त्यामुळे बियाण्यांच्या कंपनीनं टारगेट गाठलेल्या डीलरांना मीटिंगसाठी गोव्याला बोलावलं, तेव्हा निरोप माझ्या नावानं आला. सोबत एका माणसाची सोय होती. आमच्या ह्यांना सोबतचा माणूस होणं भलतंच जड गेलं. दोन दिवस तोंड फुगवून होते, मग गुपचूप नवी पॅन्ट शिवून आणली.

हॉटेल समुद्राला लागूनच, सगळं काचेचं. मी आत हॉलमध्ये कांद्याच्या नव्या वाणांची माहिती ऐकत होते आणि हे बाहेर बाकीच्या डीलरांच्या बायकांच्या रांगेत बसून शहाळं पीत होते. काचेतून ते ध्यान बघून मला हसू आवरेना.

संध्याकाळी आम्ही वाळूवर गेलो. आमच्याकडं नवरा-बायको जोडीनं चालत नाहीत. ते पुढं, मी चार पावलं मागं. खरं सांगायचं तर ह्यांच्या तोंडापेक्षा ह्यांची पाठ माझ्या जास्त ओळखीची आहे. तिथंही मी सवयीनं मागंच राहिले. हे थांबले.

"ये की बरुबर. हितं कोन वळखतंय आपल्याला?"

तेवढ्यात लाट आली आणि ह्यांनी माझा हात धरला. लाट गेली, हात तसाच राहिला. अंधार पडेपर्यंत आम्ही चालत होतो. हे बोलत होते. लहानपणी ह्यांना ट्रक चालवायचा होता, हे मला त्या दिवशी कळलं. मधेच म्हणाले, "तुला दुकानात कटाळा येतो का गं?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी नुसती मान हलवली.

परत आल्यावर तिसगावच्या स्टँडवर हे दोन्ही पिशव्या घेऊन पुढं चालू लागले.

पुढच्या वर्षी मी टारगेटसाठी जिवाचं रान केलं. वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. बाईला पैशाची हाव सुटली, असं लोक बोलले. बोलू दे म्हटलं. मला ती संध्याकाळ परत हवी होती, तो हात हवा होता. टारगेट पुरं झालं आणि कंपनीचा फोन आला, पुन्हा गोवाच.

दुकानात गर्दी होती. मी ह्यांना सांगितलं. हे पोत्याची शिवण उसवत होते. मान वर न करता म्हणाले, "तूच जाऊन ये. रानात कांद्याची लागन हाय. आन समुद्र काय, एकदा बघितलाय की."

समुद्र बघायला मला जायचंच नव्हतं, हे एवढ्या माणसांत सांगणार कसं? मी बरं म्हणाले.