पायाळू अक्काची पाठ

महिना होऊन गेला, तरी तो फोन कानातून जात नाही. मी पाथरीच्या स्टँडवर होते, अक्काकडेच निघालेले. तिची जाऊ म्हणाली, "गेल्या आक्का... सुटल्या बिचाऱ्या." असा राग आला मला! सुटल्या म्हणे. पन्नाशीही न गाठलेली माझी थोरली बहीण कशातून सुटली, सांगेल का कुणी?

अक्का पायाळू. जन्मताना पाय आधी आले, म्हणून ताडकळसात कुणाच्या पाठीत उसण भरली की माणूस तिच्या ओसरीवर हजर. खांबाला धरून ती पाठीला हळूच लाथ लावायची, वर म्हणायची, "जा, नवऱ्याला मारायची राहिली ती तुला मारली." लोक हसत घरी जायचे.

मग तिचीच पाठ धरली. आधी मुतखड्यानं छळलं होतं, हाडं ठणकायची, चार पावलांत गळून जायची. गोळ्या, पट्टा, मलम... सगळं झालं. मी म्हणायची, परभणीला मोठ्या डॉक्टरला दाखवू. तर ही म्हणायची, "उसणच हाय गं. पण माझ्या पाठीला लाथ कोण मारणार?" शेवटी जावेनं जिंतूरहून आपला पायाळू भाऊ बोलावला. त्या दांडग्यानं कचकन लाथ घातली. अक्का खाली बसली, ती पुन्हा उभी राहिलीच नाही.

परभणीच्या डॉक्टरांनी समजावलं. गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या ग्रंथी असतात. त्यातली एक वाढून हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढत होती, मुतखडे त्याचेच. मणका पोखरून तिथं गाठ झाली होती, कॅन्सरची नव्हे, आणि तो पोकळ मणका लाथेनं खचून मज्जारज्जूवर दाबला गेला. "रक्त आधी तपासलं असतं तर ग्रंथी काढून हाड भरून आलं असतं," ते म्हणाले. मग ग्रंथी काढली, मणक्याचंही ऑपरेशन झालं, पण पायांत जीव आला नाही. पडून पडून पाठीला जखमा झाल्या, चिघळल्या... आणि लोक म्हणतात, नशीब! कसलं डोंबलाचं नशीब?

तेराव्याला जावेचा भाऊ जेवायला आला. त्यानं हात धुतले न धुतले तोच शेजारचे म्हातारे बापूराव कंबर धरून पुढं झाले. "आक्का तर गेली. आता तुमीच मारा एक लाथ, लय दुखायलंय." आणि त्यानं खरंच खांबाला हात लावला हो! मी मधे पडले. "खबरदार! दवाखान्यात जा, रक्त तपासा आधी."

बापूराव म्हणाले, "आक्का असती तर न्हाई म्हणली नसती."

नसतीच म्हणाली ती.