जप्तीतली शाई

शेलूबाजारचं ते प्रकरण पोलिसातून स्वेच्छानिवृत्ती घेतली तरी डोक्यातून जात नाही.

एका सायबर कॅफेवाल्याची तक्रार होती. सीलबंद डब्यातून घेतलेलं नवं प्रिंटर कार्ट्रिज दोन दिवसांत बंद पडलं होतं. पाठोपाठ खबर आली की बाजारात एक जण रिकामी कार्ट्रिज शाईने भरून विकतो. पंच घेऊन मी छापा टाकला. पत्र्याचं दुकान, सिरिंज, शाईच्या बाटल्या, साठेक कार्ट्रिज. कंपनीचा डबा मात्र एकही नव्हता. हे मला तिथेच खटकायला हवं होतं. पण पोहरादेवीच्या यात्रेच्या बंदोबस्तावरून सकाळीच परतले होते. सगळं जप्त करून मोकळी झाले.

ठाण्यात हवालदाराने सुरुवात केली. "काहून फसवतो बे लोकाईले?"

"मी भरेल माल भरेल म्हनूनच इकतो, साहेब. नवा म्हनून नाई."

मी तक्रारदाराचं कार्ट्रिज पुढे ठेवलं. त्याने नखाने लेबल उचकटलं. खाली प्लास्टिकवर तीन ओरखडे.

"हे माह्याच हातचं. याच्यात बारीक हिटर असते, मॅडम. शाई तापते, बुडबुडा येते अन् थेंब बाहीर फेकते. घडीघडी भरलं तं हिटर जळते. म्हून दर खेपेले एक ओरखडा मारतो. तिसऱ्या खेपेले सांगूनच देतो का ही शेवटची."

"मग वरचं लेबल कोणाचं?"

त्याने कार्ट्रिज टेबलावर ठेवलं. "निम्मा माल एकच जन उचलते. त्याचं नाव घेतलं तं मी खाऊ काय?"

"इथंच राह्य मंग," हवालदार म्हणाला. "पन इथली डाळ लय पातळ असते."

शेवटी त्याने नाव सांगितलं. वाशिमच्या त्या घाऊक विक्रेत्याच्या गोदामात बनावट लेबलं आणि डबे सापडले. गुन्हा त्याच्यावर दाखल झाला, हा साक्षीदार झाला.

न्यायालयाच्या आदेशाने कार्ट्रिजवाल्याला मुद्देमाल परत मिळेपर्यंत चार महिने गेले. त्याने लाखेचं सील फोडलं आणि एकेक कार्ट्रिज ओल्या रुमालावर दाबून पाहिलं. डाग उमटेना. छिद्रांत शाई वाळून बसली होती. ती छिद्रं तो टेप लावून बंद ठेवायचा. पंचांना माल नीट दिसावा म्हणून जप्तीच्या दिवशी ती टेप मीच काढायला लावली होती. तो नको म्हणत होता.

"गरम पाण्यात ठेवून बघ," मी म्हणाले.

"पायतो. पाच-सात निंगतीन." त्याने पावतीवर सही केली. मोठं गिऱ्हाईक गेलंच होतं, आता मालही गेला.

पंचनामा नियमाप्रमाणे होता, त्यात कोणी चूक काढली नाही. त्यानंतर मात्र जप्तीआधी मी मालकाला विचारू लागले, हे बंद पडून राहिलं तर याचं काय होतं? उत्तर त्यांच्याकडे तयार असायचं. हे विचारायला मला एकवीस वर्षांची नोकरी लागली.