वडिलांचं करणाऱ्याचं कलम

आमच्या लॉ कॉलेजात कायदा शिकायला फक्त एकच माणूस आला होता. बाकी आम्ही सगळे प्रवेश घ्यायला आलो होतो. तो माणूस म्हणजे आमच्या वर्गातले काका. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण अब्रुनुकसानीचा कायदा हा मी मन लावून वाचलेला एकमेव कायदा आहे. पण पुण्यात तीन वर्षांच्या एलएलबीला जायचं कोणाच्या मनात असेल, तर त्यानं माहितीपत्रकावर जाऊ नये. माहितीपत्रकात भव्य ग्रंथालय आहे, अभिरूप न्यायालय आहे, टाय लावून कुठंतरी लांब बघत हसणारी मुलं आहेत. ती मुलं नक्की कोणत्या वर्गात बसतात ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. काका मात्र पहिल्या बाकावर बसायचे, घरून आणलेली उशी खाली घेऊन, सातच्या तासाला पावणेसातपासून.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी कॉलेजची सगळी घडी विसकटून टाकली. त्याआधी कसं छान चाललं होतं! मुलं नसतात म्हणून सर यायचे नाहीत, सर नसतात म्हणून मुलं यायची नाहीत, आणि हजेरीपट सगळ्यांना पंच्याहत्तर टक्के उपस्थित ठेवून आपलं काम इमानेइतबारे करायचा. काका पहिल्याच दिवशी प्राध्यापकांच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. म्हणाले, "सर, मी आलोय." सर चहा पीत होते. "अहो काका, एकट्याला काय शिकवू?" काका शांतपणे म्हणाले, "फी मी माझी पूर्ण भरली आहे. बाकीच्यांचं मला माहीत नाही." सर आले. ते आले म्हणून लाजेकाजेस्तव आम्हीही जाऊ लागलो. मी विमा कंपनीच्या ऑफिसात दिवसभर खुर्ची उबवणारी बाई, बढतीसाठी एक पदवी पदरात पाडून घ्यावी एवढाच माझा हेतू. मला साडेपाचला उठायला लावल्याबद्दल मी काकांना मनातल्या मनात काय काय बोललेय ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ग्रंथालयाचीही तीच गत. पुस्तकं हरवू नयेत म्हणून कपाटांना कुलपं होती, त्यामुळे एकही पुस्तक हरवलं नव्हतं आणि एकही उघडलं गेलं नव्हतं. काकांनी किल्ली मागितली. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "किल्ली शोधावी लागेल." काका म्हणाले, "शोधा, मी बसतो," आणि खरोखरच बसले. दुसऱ्या दिवशीही येऊन बसले. तिसऱ्या दिवशी बाईंनी वैतागून कुलूपवाल्याला बोलावलं. बाहेर मंडईतही हाच खाक्या. कराराचा कायदा शिकत होतो तेव्हा काकांनी एका मेथीवालीला प्रस्ताव म्हणजे काय, स्वीकृती म्हणजे काय हे समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मेथी घेताय का पुढं होताय?" काका आम्हाला म्हणाले, "बघा, तिला कायदा आधीच येत होता."

पण काकांचं खरं रूप बघायचं तर प्रवेशाच्या दिवसांत. फाटकाशी झेरॉक्सच्या दुकानाबाहेर स्टूल टाकून ते बसायचे आणि चौकशीला आलेल्या प्रत्येकाला अडवून विचारायचे, "कोणाशी भांडण आहे?" पोरं गडबडायची. "भांडण? नाही काका, करिअर म्हणून..." "भांडण नाही? मग इथं कशाला? समोर बेकरी आहे, तिथं काम शीक. निदान पाव तरी करता येतील." एका मुलीचे वडील भडकून म्हणाले, "तुम्ही कॉलेजचे कोण?" काका म्हणाले, "विद्यार्थी. इथं दुर्मीळ आहेत, नीट बघून घ्या." पहिल्याच वर्षी, आमच्या प्रवेशांची शेवटची फेरी चालू असताना, हिंजवडीच्या एका शेतकरी घरातला मुलगा आला होता. जमिनी आयटी पार्कात गेलेल्या, घरात तीन गाड्या, आणि वडिलांना आता घरचा एक वकील हवा होता. काकांनी नेहमीचा प्रश्न टाकला. तो डोकं खाजवत म्हणाला, "काका, आमच्यात लई हायत. कुठलं सांगू?" काका खूश! "हा टिकेल," म्हणाले. आणि टिकला की खरंच. आमच्याच वर्गात आला.

काकांचं स्वतःचं भांडण सख्ख्या धाकट्या बहिणीशी होतं. वडिलांच्या नावावर दोन खोल्यांचा फ्लॅट, मृत्युपत्र नाही. वडील अंथरुणाला खिळलेले असताना काकांनी बदलीवरची बढती नाकारली, आणि आंघोळ घालण्यापासून नखं कापण्यापर्यंत त्यांचं सगळं केलं. लग्नाचं बोलणंही त्यातच राहून गेलं. बहीण दिवाळीला मिठाईचा बॉक्स घेऊन यायची. वडील गेल्यावर काकांनी तिच्यापुढं हक्कसोडपत्र ठेवलं, जसं आपल्याकडं सगळे भाऊ ठेवतात, आणि तिनं सही केली नाही. तेव्हापासून भाऊबीज बंद, फोन बंद. काकांची खात्रीच होती, की ज्यानं वडिलांचं केलं त्याच्यासाठी कायद्यात कुठंतरी एखादं कलम असणारच. "एवढा मोठा कायदा, त्यात एवढी साधी गोष्ट नसेल? शक्यच नाही." ते कलम शोधायला ते कॉलेजात आले होते.

हा प्रश्न त्यांनी प्रत्येक विषयाच्या तासाला विचारला. कराराचे सर म्हणाले, हा माझा विषय नव्हे. राज्यघटनेच्या मॅडम म्हणाल्या, मूलभूत कर्तव्यांत पाहा. करांचे सर खूप वेळ विचार करून म्हणाले, "सेवेवर वजावट नाही." शेवटी वारसा कायद्याच्या सरांनी सांगून टाकलं. "नाही काका, असं कलम नाही. मुलगा, मुलगी समान. कोणी केलं हे वारसा कायदा विचारत नाही." काका म्हणाले, "विचारायला नको का?" सरांनी घड्याळ बघितलं आणि तास संपवला. त्या दिवशी काका उशी बाकावरच विसरून गेले. मला फार वाईट वाटलं.

शेवटच्या सत्रात अभिरूप न्यायालय असतं. खोटा खटला, खरे गुण. वारसा कायद्याच्या सरांनी खटला काढला तो नेमका हाच: वडिलांची सेवा केलेला भाऊ, हिस्सा मागणारी बहीण. चिठ्ठ्या टाकून बाजू ठरल्या. काकांना आली बहिणीची बाजू, आणि भावाची आली हिंजवडीच्या पोराला. काकांनी चिठ्ठी परत केली. सर म्हणाले, "काका, वकिलाला बाजू नाकारता येते. विद्यार्थ्याला नाही." त्यात ते पोर त्यांच्याकडं जाऊन म्हणतं, "काका, तुमची बाजू मला आलीय. काय काय बोलू ते सांगा की." दुसरा कोणी असता तर त्याला हाकलून दिलं असतं. काकांनी त्याला आठवडाभर शिकवलं, एकही मुद्दा हातचा न राखता.

खटल्याच्या दिवशी दुपारी पोर झकास बोललं. आंघोळी, औषधं, गेलेली बढती, सगळं त्यानं असं मांडलं की मागच्या बाकावरच्या मुली डोळे पुसायला लागल्या. मग काका उठले. नवाकोरा काळा कोट, घसा खाकरलेला. कलमं सांगितली, निवाडे सांगितले. आणि मग म्हणाले, "समोरचे वकील म्हणतात, बहिणीनं वडिलांचं काहीच केलं नाही. साहेब, तिला करू कोणी दिलं? ती गाडी घेऊन न्यायला आली होती वडिलांना. भावानं दार अडवलं. म्हणाला, वडील मुलीच्या सासरी राहणार? लोक काय म्हणतील?" न्यायाधीश झालेले सर चष्मा काढून म्हणाले, "काका, ही हकीकत दिलेल्या प्रश्नात नाही." काका म्हणाले, "प्रश्नात नाही, सर. मला माहीत आहे."

निकाल बहिणीच्या बाजूनं लागला. काका सरळ माझ्याकडं आले आणि म्हणाले, "अहो बाई, तुमची स्कूटर आहे ना? मला बहिणीकडं सोडता?" बहीण हिंजवडीला, मुलाकडं राहत होती. ज्यांनी संध्याकाळी हिंजवडीचा रस्ता बघितलाय त्यांना सांगायला नको, की तिथं पोचेपर्यंत माणसाला विचार बदलायला भरपूर वेळ मिळतो. काकांनी दोनदा "वळवा" म्हटलं. पण वळवायला जागा कुठं होती?

बहिणीनं दार उघडलं. काकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाली, "कोट कशाला घातलायस एवढ्या उकाड्यात?"

"निकाल लागला," काका म्हणाले. "तुझ्या बाजूनं."

"कसला निकाल? मी कुठं गेले होते कोर्टात? आणि माझ्या बाजूनं भांडलं कोण?"

"मी."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली आणि जमेल तेवढं सांगितलं. ऐकून ती आत गेली, चहा घेऊन आली, आणि कप ठेवता ठेवता स्पष्टच म्हणाली, "माझा हिस्सा मी घेणार आहे हां. सोडणार नाही."

"सोडूच नकोस," काका म्हणाले. "सही मी मागायलाच नको होती."

ती समोर बसली. पदराशी चाळा करत, खाली बघत म्हणाली, "पण बाबांचं केलंस ते तूच. एकट्यानं. माझ्यानं झालं नसतं रे."

मेथीवालीपासून प्राचार्यांपर्यंत कोणाला उत्तर दिल्याशिवाय न सोडणारा हा माणूस. पण त्यांनी उचललेला कप परत खाली ठेवला. अगदी हळू ते म्हणाले, "पुन्हा एकदा म्हण."

बहिणीनं पुन्हा म्हटलं. या वेळी जरा मोठ्यानं.