धुतलेले पाय

त्या ख्रिस्ती मंडळीत वर्षातून एकदा एकमेकांचे पाय धुण्याची रीत होती. येशूने शिष्यांचे पाय धुतले, तर आपणही कुणाचे तरी धुवावेत, इतकी सरळ गोष्ट. पण माणसं लबाड असतात आणि भाविक माणसं अंमळ जास्तच. आदल्या संध्याकाळी घरोघरी वज्रीने टाचा घासल्या जात, नखं कापली जात, कपाटातून नवे मोजे निघत. धुतलेले पाय घेऊन सगळे धुवून घ्यायला येत. एनॅमलच्या तसराळ्यातलं पाणी आत जाई तसंच नितळ बाहेर येई आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नसे.

सिस्टरलाही वाटत नसे. ती दवाखान्यात जखमांच्या खोलीत पट्ट्या बांधायची. चिघळलेल्या पायाचा वास तिला दारातूनच कळे. पेशंटने मोजा काढायच्या आत ती डॉक्टरांना हाक मारी. हाताने हलकी, तोंडाने फटकळ. बोलायची सगळ्यांशी, फक्त एका जावेशी नाही.

मोठी जाऊ खालच्या मजल्यावर आणि सिस्टर नवऱ्याबरोबर वरच्या. सासूच्या मयतीला जाऊ चारचौघांत बोलून गेली होती, "नर्स असून घरातलं माणूस वाचवता आलं नाही हिला." सासूच्या उशाशी बसून सिस्टरने स्वतःच्या तब्येतीची वाट लावून घेतली होती. ते बोलणं तिच्या जिव्हारी लागलं आणि अबोला सुरू झाला. पुढे मोठे दीर वारले, जाऊ एकटी पडली, तरी तो सुटला नाही. वैऱ्यावरही प्रेम करावं, हे सिस्टर रविवारी ऐकायची आणि मान डोलवायची. वैरी वेगळे आणि जाऊ वेगळी, असा तिचा आपला समज होता.

"वहिनी हल्ली दारातूनच बोलतात. आत या म्हणत नाहीत," नवरा मध्ये एकदा म्हणाला होता.

"बरंच आहे. तुमचा चहा वाचला," सिस्टर म्हणाली होती.

पाय धुण्याचा नियम असा, की आपल्यासमोरच्या खुर्चीवर जी येऊन बसेल तिचे पाय धुवायचे. उठायचं नाही, नकार द्यायचा नाही. म्हणूनच सिस्टर दरवर्षी चर्चच्या पाळकांच्या आईशी आधी ठरवून ठेवायची. म्हातारीचे पाय गुळगुळीत आणि बोलणं गोड, कशाचीच कटकट नाही.

या वर्षी तसराळं भरून ती वळली, तर त्या खुर्चीवर जाऊ बसलेली होती. पाळकांची आई दोन खुर्च्या सोडून गाण्याच्या पुस्तकात डोकं घालून बसली होती. सिस्टरच्या अंगाचा तिळपापड झाला. पण सगळी मंडळी बघत होती. ती दात आवळून गुडघ्यांवर बसली.

वास आला तो तेव्हाच. पावडर आणि अत्तर यांच्या खालून येणारा, ओळखीचा. दवाखान्यात असती तर तिने त्याच क्षणी हाक मारली असती. इथे तिला वाटलं, बघा, मुद्दाम न धुता आली. माझ्या नाकासमोर घाणेरडे पाय धरायला, माझा पाणउतारा करायला आली. तिने मोजा पकडला आणि जरा हिसकाच देऊन ओढला.

मोजा कातडीला चिकटला होता.

खाली दोन बोटं काळी पडली होती. तळव्याला खोल जखम होती आणि लाली घोट्याकडे चढत निघाली होती. सिस्टरच्या हातातला मोजा पाण्यात पडला. पाणी आधी पिवळट झालं, मग तांबूस. गाणं चालूच होतं.

"ताई, हे काय?" ती म्हणाली.

"बूट लागला होता. साखर आहे ना मला, दुखत नव्हतं गं, म्हणून वाटलं, बरं होईल." जाऊ तिच्याकडे न बघता बोलत होती. "मग वास यायला लागला. लाज वाटायची."

"आणि इथे आलीस?"

"इथे तुला नाही म्हणता येत नाही."

पाळक पुढे आले, प्रार्थना होईपर्यंत थांबावं असं काहीसं म्हणाले. "गाडी काढा," सिस्टर म्हणाली. असल्या आवाजात ती फक्त दवाखान्यात बोलायची. पाळकांनी खिशातून किल्ली काढली. तिने कमरेचा टॉवेल त्या पायाला गुंडाळला आणि जावेला खांद्याचा आधार देत बाहेर नेलं. मागे मंडळी आपापले स्वच्छ पाय घेऊन बसून राहिली.

दवाखान्यात सर्जननी पाय पाहिला. पाऊल राहील की जाईल, ते आत नेल्यावरच कळेल म्हणाले. मग सिस्टरला बाजूला घेऊन विचारलं, "हे काही एका आठवड्याचं नाही. राहतात कुठे या?"

"माझ्या खाली," ती म्हणाली. तिच्याबरोबर रोज काम करणारा तो माणूस तिच्याकडे बघतच राहिला. ते बघणं तिला सोसवेना.

दोन बोटं गेली, पाऊल वाचलं. जाऊ घरी आली त्या सकाळी सिस्टर पट्टीचं सामान घेऊन जिना उतरली. जावेचा चांगला पाय साबणाने घासून लखलखीत केलेला दिसला.

"हा कशाला धुतलास?"

"तू येणार म्हणून."

सिस्टरला हसू आलं आणि लगेच ते चेहऱ्यावरून उतरलं. जखमेचा पाय तिने मांडीवर घेतला. खाली मान घालून म्हणाली, "मला तुझ्या मयतीतच कळायचं होतं का हे? एक हाक मारायची होतीस, ताई."

"मारली होती."

सिस्टरचे हात थांबले. काही आठवड्यांपूर्वीची एक दुपार तिला लख्ख आठवली. जिन्याखालून नाव घेऊन हाक आली होती. भांडायला आली असेल, असं वाटून तिने दार लावून घेतलं होतं, खाली ऐकू जाईल असं.

ती तो पाय दोन्ही हातांत धरून बसली. पट्टीचं टोक सापडत नव्हतं. डोळ्यांसमोर काही दिसतच नव्हतं.

"बांध आता," जाऊ हळूच म्हणाली. "पायाला गार लागतंय."