मेक्सिकोबाईंचं पायपुसणं

मेक्सिकोबाईंच्या दारात चप्पल काढली, की त्या भडकायच्या. "अहो सेक्रेटरी, चपलेसकट या! नाहीतर खालचं चित्र पुरं कसं व्हायचं?" त्यांच्या घरात चित्रं भिंतीवर नसायची, जमिनीवर अंथरलेली असायची. रंग बाईंनी लावायचा आणि उरलेलं काम येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी करायचं, अशी पद्धत.

बाई मूळच्या मेक्सिकोच्या. खडकीतल्या आमच्या इमारतीत तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या आणि तीस वर्षं राहिल्या. मराठी भाजीवाल्यांकडून शिकल्या, त्यामुळे बोलणं ठसकेबाज. तरुणपणी त्यांनी आपल्या शहरातल्या एका प्रदर्शनात असंच चित्र दारात अंथरलं होतं. तिथल्या जाणकारांनी "हे तर पायपुसणं!" म्हणत ते गुंडाळायला लावलं. बाई हे अगदी फुशारकीने सांगायच्या. "पायपुसणं म्हणाले ना? मग पुसायचे होते पाय! मी तेवढंच तर मागत होते."

मला त्या चित्रांतलं ओ की ठो कळत नसे. तसं तोंडावर सांगितलं, तर म्हणाल्या, "कळायला कशाला हवं? चालता येतं ना?"

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या त्याच शहरातल्या संग्रहालयाचं पत्र आलं. बाईंच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन, आणि मधोमध पुण्यात केलेलं एक मोठं नवं चित्र. ऐंशीला टेकलेल्या बाई जिन्यात नाचल्या. निळ्या-पिवळ्या रंगांचं भलंमोठं कापड त्यांनी इमारतीच्या दारात अंथरलं आणि गुडघ्याच्या ऑपरेशनला गेल्या. पुढे दीड महिना एका विद्यार्थिनीकडे मुक्काम होता. जाताना मला म्हणाल्या, "सेक्रेटरी, चित्र तुमच्या हवाली."

झालं! हवाली म्हटल्यावर मी काय करणार? घरातल्या चित्रांची गोष्ट वेगळी, हे तर संग्रहालयात जायचं. त्यातून चित्र म्हणजे विद्या, तिला पाय लावायचा? मी स्वहस्ते पाटी लिहून लावली : "चित्रावर पाय देऊ नये. हे पायपुसणं नाही. बाजूने जाण्यास जागा आहे." अख्खी इमारत, दूधवाल्यासकट, दीड महिना भिंतीला पाठ घासत गेली. पुण्यात पाटी इतकी पाळली गेल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी माहितीत नाही.

बाई काठी टेकत परतल्या. चित्र कोरं करकरीत पाहिलं आणि मटकन पायरीवर बसल्या. "पन्नास वर्षांनी बोलावलंय हो त्यांनी मला. आता काय दाखवू?" चित्राची पेटी चार दिवसांनी मेक्सिकोला निघायची होती. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी पाटी उतरवली. दारोदार जाऊन हात जोडले, "चाला हो, कृपा करून चाला!" बाईंनी उंबऱ्याशी परातीत गेरू कालवून ठेवला, म्हणजे पावलं लवकर उमटतील. लोक जमले, पण पुढे कोणी येईना. शेवटी तळमजल्यावरच्या कांबळेआजींनी चप्पल काढली, परातीत पाय बुडवला, चित्रावर पाऊल ठेवलं आणि सवयीने लगेच वाकून, त्याच जागी हात लावून तो कपाळाला नेला. आपण उठताना तोच गेरू लागलेला हात चित्रावर टेकला, त्याचाही पंजा उमटला, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मागून आलेल्या प्रत्येकाने तेच केलं. चार दिवसांत चित्रभर पावलं, आणि पावलापावलाशी एक नमस्कार.

बाई काठीवर रेलून ओरडल्या, "अरे, हे मला आयुष्यात सुचलं नव्हतं!"

पेटीपाठोपाठ बाईही मेक्सिकोला गेल्या. निघताना माझी पाटी मागून घेतली, कशाला ते सांगितलं नाही. त्या परत आल्या नाहीत. प्रदर्शन उघडलं आणि महिन्याभरात तिकडेच वारल्या.

नंतर त्यांच्या भाचीने फोटो पाठवला. आमचं चित्र जमिनीवर अंथरलेलं, त्यावरून बूट घालून खुशाल चाललेली माणसं, आणि शेजारच्या भिंतीवर, माझ्या अक्षरात : "चित्रावर पाय देऊ नये." त्यांतल्या एकालाही मराठी वाचता येत नव्हतं. माझी पाटी इतकी राजरोस मोडलेली पाहून मी जन्मात पहिल्यांदा खूश झालो, आणि मग ढसाढसा रडलो.