सामानाजवळ कोण होतं

१२ मे १९९१, रविवार. ठिकाण उत्तनचा किनारा. गेलेल्या वस्तूंची किंमत दोन हजार दोनशे नव्वद रुपये. त्यात धाकट्या भावाचा कॅमेरा अकराशे पन्नासचा, त्याचंच मनगटी घड्याळ आठशेचं आणि माझे रोख तीनशे चाळीस. कपडे, चपला, जेवणाचा डबा आणि खुद्द पिशवी यात धरलेली नाही. हजर माणसं चार: मी, भाऊ, माझी नऊ वर्षांची मुलगी आणि माझे वडील. बायको घरी होती, कारण रविवारी आमच्या बिल्डिंगला पाण्याचा टँकर यायचा आणि ड्रम भरायला घरात एक माणूस लागायचंच.

आम्ही मिरा रोडला, पूनम सागरमध्ये राहत होतो. आई आधीच गेली होती. वडील निवृत्त झाल्यावर आमच्याकडे आले. एकतीस वर्षं ते मुंबईत बंदरावरच्या एका गोदामात वॉचमन होते. गोदामाच्या मागच्या भिंतीला भरतीचं पाणी लागायचं, पण फाटक सोडून त्या बाजूला जायची त्यांना परवानगी नव्हती. एकतीस वर्षांत त्यांच्या पाळीत एक खोकाही कमी झाला नाही. कंपनीनं तसं लिहून दिलेला कागद ते ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवत.

भाऊ आखातात नोकरीला होता. त्या वर्षी एप्रिलमध्ये दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला तो पाण्याखाली बघायचा चष्मा, श्वासाची नळी आणि पायात घालायचे रबरी पंजे घेऊन. तिकडे त्याच्या खोलीतल्या एकानं त्याला किनाऱ्यावरून पाण्यात शिरून बुडी मारायला शिकवलं होतं. पंजे घालून तो घरात फिरला तेव्हा मुलगी म्हणाली, "काका बेडूक झाला."

"दादा, सुट्टीत लोक माथेरानला जातात. मला समुद्रात जायचंय," तो म्हणाला.

मी खर्च काढला. अलिबाग महाग पडत होतं, उत्तन बसनं स्वस्तात होत होतं. तिथलं पाणी गढूळ असतं हे मला माहीत होतं, पण ओहोटीला खडकांच्या आड थोडं निवळतं असं बसमधल्या एकानं सांगितलं होतं. भाऊ तिथूनच पाण्यात उतरायचा आणि दहा-बारा फूट खाली जाऊन यायचा.

प्रश्न सामानाचा होता. आदल्याच महिन्यात आमच्या शेजाऱ्याचे कपडे आणि पाकीट त्याच किनाऱ्यावरून गेलं होतं. पहिल्या रविवारी निघताना भावानं विचारलं, "सगळे पाण्यात गेलो तर सामानाजवळ कोण बसणार?"

मी म्हणालो, "बाबा आहेत ना."

एवढं बोलून मी वस्तूंची यादी करायला घेतली. दोन प्रती केल्या, एक वडिलांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि बनियनच्या खिशात ठेवली. त्यांना पाण्यात यायचं आहे का, हे मी विचारलं नाही. भावानंही नाही.

चार रविवार गेलो. वडील प्रत्येक वेळी एकाच खडकावर बसत. पिशवीचा पट्टा डाव्या पायाला गुंडाळलेला, तोंड रस्त्याकडे आणि पाठ समुद्राकडे.

"आजोबा, समुद्र तिकडे आहे," मुलगी त्यांना सांगायची.

"समुद्र कुठं जात नाही. चोर रस्त्यानं येतोय."

जवळच एक कोळीण बांबूंवर बोंबील वाळत घालत असे. तीही एकदा हसून म्हणाली, "बाबा, रोज पाठ करून बसतंस. दर्यावर राग हाय काय?"

"राग न्हाय बाय, ड्युटी हाय," वडील तिच्याच बोलीत म्हणाले. ती मोठ्यानं हसली. वडीलही हसले, पण मान वळवली नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आठ वर्षांचा असताना मी वडिलांचा डबा घेऊन गोदामावर जात असे. दुपारी दोनला पाळी बदलायची. नवा वॉचमन फाटकाशी आला की वडील हात वर करत. तो लांबूनच हात वर करी. बोलणं काही नाही. दोन्ही हात वर गेले की पुढे जे कमी होईल ते नव्या माणसाच्या नावावर. मी विचारलं तेव्हा वडिलांनीच समजावून सांगितलं होतं: "त्याचा हात वर गेला की माल त्याचा. मग मी मोकळा." ही पद्धत भावाला माहीत नव्हती. तो तेव्हा तान्हा होता. मला माहीत होती.

१२ मेला भाऊ दोनदा बुडी मारून दमून बाहेर आला. चष्मा त्यानं वडिलांच्या हातात दिला आणि म्हणाला, "बाबा, एकदा बघा तरी." मग तो माझ्याकडे आला. मी कमरेइतक्या पाण्यात उभा होतो, आणि तो मुलीला पाठीवर तरंगायला शिकवू लागला. मी तिचं डोकं धरून होतो.

मध्येच मी वर पाहिलं. खडक चाळीसएक पावलांवर होता. वडील उभे होते. त्यांनी शर्ट-पँट काढून पिशवीत ठेवली होती आणि आत हाफपँट होती. म्हणजे ते घरूनच ठरवून आले होते. पिशवी त्यांनी होड्या बांधायच्या लोखंडी कडीला नायलॉनच्या दोरीनं बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. मग माझ्याकडे तोंड करून त्यांनी हात वर केला.

मीही हात वर केला. आणि पुन्हा मुलीकडे वळलो.

दहा मिनिटं गेली असतील. अंदाजानं सांगतोय, घड्याळ पिशवीत होतं. खडकाच्या बाजूनं ओरडणं ऐकू आलं. वडील छातीइतक्या पाण्यात उभे होते. चष्मा कपाळावर, पांढरे केस डोक्याला चिकटलेले, आणि वर धरलेल्या मुठीत एक काळा दगड. ते हसत होते. त्यांना असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"तळ लागला!" ते ओरडले.

भावानं टाळ्या वाजवल्या. "बाबा, पोहता येतं तुम्हाला?"

"डोहात शिकलो. गावच्या विहिरीवर आपल्याला कोण येऊ देतोय? डोह कुणाचा नव्हता. खालचा दगड आणल्याशिवाय बुडी मोजायची नाय, असा आमच्या पोरांचा नियम."

मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होतो. वडिलांना पोहता येतं हे मला माहीत नव्हतं.

त्याच वेळी माझी नजर खडकावर गेली. कडीला वीतभर दोरी लोंबत होती. टोक सुरीनं कापलेलं, अगदी साफ. पिशवी नव्हती.

मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो. "तुम्हाला एकच काम सांगितलं होतं. एकच. एकतीस वर्षं हेच केलंत का तिथे?" भाऊ म्हणाला, "दादा, बस कर." मुलगी रडायला लागली. आजूबाजूचे लोक बघत होते. मी थांबलो नाही. "या वयात पाण्यात खेळायची हौस," असंही म्हणालो.

वडिलांचं हसू एकदम नाही गेलं. थोडा वेळ ते चेहऱ्यावर तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. मग ते म्हणाले, "मी हात..." आणि माझ्याकडे पाहिलं. मुठीतला दगड त्यांनी वाकून खडकावर ठेवला, दुसऱ्याची वस्तू परत ठेवावी तसा.

परत जायला पैसे नव्हते. माझ्या आणि भावाच्या अंगावर निदान भिजलेले शर्ट होते. वडील उघडे होते. ती कोळीण बोंबील टाकून आली. तिनं आपल्या नवऱ्याचा एक जुना सदरा आणून वडिलांच्या खांद्यावर टाकला आणि दहाची नोट माझ्यापुढे धरली.

"घे. बसला व्हतील."

मी म्हणालो, "परत कधी देणार आम्ही?"

"येशील तवा दे. दर्या काय पलत न्हाय."

पोलीस चौकीवर हवालदारानं विचारलं, "सामानाजवळ कोण होतं?"

मी तोंड उघडायच्या आत वडील पुढे झाले. हात बाजूला सरळ, पाय जुळवलेले. "मी होतो, साहेब."

हवालदारानं ते लिहून घेतलं. खाली सही मी केली.

दुसऱ्या दिवशी सोमवारी मी ऑफिसला गेलो. संध्याकाळी बायकोनं सांगितलं की वडिलांनी सकाळी तो सदरा धुतला, वाळल्यावर खालच्या इस्त्रीवाल्याकडून इस्त्री करून घेतला आणि एकटेच बसनं उत्तनला जाऊन सदरा आणि दहा रुपये देऊन आले. कोळिणीनं त्यांना मूठभर सुकट दिली होती. ती बायकोनं रात्री केली. वडिलांनी खाल्ली नाही.

भाऊ जूनमध्ये गेला. जाताना मला म्हणाला, "कॅमेऱ्याचं काही मनात ठेवू नको. बाबांना पण सांग." मी सांगितलं नाही.

पोस्टातल्या ठेवीचं वडिलांना महिन्याला दोनशे दहा रुपये व्याज मिळत असे. भाऊ गेला त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या टेबलावर शंभराची नोट ठेवली.

"हे काय?"

"त्या दिवसाचे."

"असू द्या, बाबा."

मी एकदाच तसं म्हणालो. ते उभे राहिले. नोट त्यांनी उचलली नाही, मीही त्यांच्या हातात परत ठेवली नाही. घरातला प्रत्येक रुपया मी वहीत लिहितो. त्यासाठी नवं पान काढलं आणि वर लिहिलं, बाबांकडून जमा.

दर महिन्याला एक नोट येत गेली. सकाळी कॉम्प्लेक्सच्या गेटाबाहेरच्या टपरीवर चार म्हातारे चहाला जमत. पुढे पुढे वडील तिथे थांबेनासे झाले. एकदा मी बरोबर होतो, तेव्हा टपरीवाल्यानं हाक मारली, "चाचा, आजकल चाय नहीं?" "पेट ठीक नहीं रहता," वडील म्हणाले. पोटाला काही झालेलं नव्हतं. तंबाखूही सुटली. बायको मला म्हणाली, "घेताय कशाला तुम्ही त्यांच्याकडून?" मी म्हणालो, त्यांनाच बरं वाटतं. भावाला पत्र लिहिलं, कारण त्यातले बरेचसे पैसे खरं तर त्याचे. त्यानं उलट टपाली लिहिलं, सगळे बाबांना परत दे. मी दिले नाहीत. दिले तरी ते घेणार नाहीत, असं मी मलाच सांगत राहिलो.

समुद्रावर ते पुन्हा आले नाहीत. चष्मा भाऊ घेऊन गेला होता. खाली काय दिसलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मुलीनं विचारलं होतं. तिनं ते मला पुष्कळ वर्षांनी, कॉलेजात असताना सांगितलं. "आजोबा म्हणाले, गढूळ होतं, पण लय मोकळं. कुठं एक पण कुलूप नाय."

बावीस नोटा झाल्या. एप्रिल १९९३ मध्ये त्यांनी नव्वद रुपये आणून ठेवले आणि समोरच्या खुर्चीवर बसले. एरवी पैसे ठेवून ते जात असत.

"झाले ना पुरे?"

"झाले."

त्यांनी वहीतल्या नोंदींवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "त्या दिवशी मी हात वर केला. तूही केलास. केलास ना?"

आवाजात आरोप नव्हता. पाळी संपल्यावर नोंद तपासून घ्यावी, तसं विचारत होते. मी फक्त हो म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "आठवत नाही, बाबा."

"बरं," ते म्हणाले. "मग पावती दे."

मी पावती लिहिली. तारीख घातली, सही केली. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि आत गेले. १९९६ मध्ये ते गेले. त्यानंतर ट्रंक उघडली तेव्हा पावती त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत, कंपनीच्या कागदाच्या खाली होती.

हात मी वर केला होता. तो का वर झाला, सवयीनं की न कळत, हे मला आजही सांगता येणार नाही. पण गोदामाच्या नियमानं त्या क्षणापासून सामान माझ्या ताब्यात होतं आणि नुकसान माझ्या नावावर पडायला हवं होतं. वहीत ते चुकीच्या नावावर आहे. ते पान मी फाडलेलं नाही.

कोळिणीला दहा रुपये, वडिलांनी दिले. भावाला काही नाही. जून १९९१ ते एप्रिल १९९३, तेवीस हप्त्यांत दोन हजार दोनशे नव्वद रुपये. देणारे माझे वडील, घेणारा मी.