थांब गं, एवढा फोटो जाऊ दे

प्रोजेक्टर तापला की जळक्या धुळीचा वास येतो आणि उस्मानपुऱ्यातल्या आमच्या शाळेतली ती दुपार आठवते. सातवीच्या वर्गात अपूर्णांकांचा व्हिडिओ लावून मी मागच्या बाकावर मोबाईल घेऊन बसले होते, कारण पोषण आहाराचे फोटो शाळा सुटायच्या आत पाठवायचे होते. खिडक्या लावलेल्या, पंखा गरम हवाच फिरवत होता. पडद्यावरच्या बाई कुठंही न अडखळता शिकवत होत्या. एरवी कधी तोंड न उघडणारी एक मुलगी वही घेऊन हळूच माझ्याजवळ आली. "बाई, त्यांना विचारता येत नाय. तुम्हाला विचारू का? छेद सारखा कशाला करायचा?" मी मान वर न करता म्हणाले, "थांब गं, एवढा फोटो जाऊ दे." नेटवर्क नव्हतं. ती बराच वेळ तशीच उभी राहिली आणि घंटा झाल्यावर वही मिटून निघून गेली. दुसऱ्या दिवशी मीच तिला बोलावलं. "काय नाय बाई, मी मैत्रिणीचं उतरवून घेतलं," ती म्हणाली. त्यानंतर वर्षभर तिनं मला काही विचारलं नाही. आता मोबाईलवर रोज भरायची सरकारी माहिती दुप्पट झालीय. तरी कुणी शंका घेऊन आलं की मी मोबाईल पालथा ठेवते, आणि माहिती उशिरा गेली म्हणून मुख्याध्यापकांची बोलणी मुकाट ऐकून घेते.